प्राणिव्यक्तिचित्रण, अंकीय

छायाचित्राचा संदर्भ घेऊन एखाद्या विशिष्ट प्राण्याचे भावदर्शी चित्र संगणकाच्या साहाय्याने, परंतु हातानेच, रंगविण्याची कला. या चित्रात कुत्रा, मांजर, घोडा वा एखादा वन्य पशू केवळ आपल्या जातीचा नमुना म्हणून येत नाही, तर स्वतःचे निराळेपण असलेला जीव म्हणून येतो; या अर्थाने ही व्यक्तिचित्रणाचीच एक शाखा होय [⟶ व्यक्तिचित्रण]. छायाचित्रावर तयार प्रक्रिया चालवून त्याला तैलचित्राचे रूप देणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र बनवून घेणे, यांहून ही कला भिन्न आहे. येथे प्रत्येक रेषा व रंगाचा प्रत्येक फटकारा चित्रकाराच्या निर्णयाने उमटतो. बदललेले असते ते फक्त माध्यम.

पूर्वपीठिका : प्राणी चित्रकारासमोर स्थिर बसत नाही, त्यामुळे त्याचे चित्र कशाच्या आधारे काढावे, हा या प्रकारातील मूळ प्रश्न आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या दोन कृतींतून या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट होते. त्याचे सशाचे जलरंगचित्र (१५०२) सूक्ष्म निरीक्षणामुळे आजही आदर्श मानले जाते. याउलट गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला व १५१५ मध्ये लिस्बनला पोचलेला गेंडा त्याने स्वतः पाहिला नव्हता. दुसऱ्याचे वर्णन व रेखाटन यांवरून त्याने केलेल्या काष्ठमुद्राचित्रात त्वचेच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या आणि खांद्यावर नसलेले एक छोटे शिंग उगवले. तरीही पुढे दोन शतकांहून अधिक काळ यूरोपात हेच गेंड्याचे खरे रूप समजले जात होते. मोगल दरबारातील मन्सूर या चित्रकाराने जहांगीर बादशहासाठी १६२१ मध्ये रंगविलेला झेब्रा प्रत्यक्ष प्राणी समोर असताना काढलेला असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) याने सु. दीड वर्ष मृत घोड्यांचे विच्छेदन करून त्यांच्या शरीररचनेवर १७६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘व्हिसलजॅकेट’ (सु. १७६२) या त्याच्या भव्य चित्रातील घोड्याचा जिवंतपणा या अभ्यासावर उभा आहे. छायाचित्रणाच्या प्रसारानंतर नवे साधन हाती आले. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये घेतलेल्या छायाचित्रमालिकेवरून असे दिसून आले की, भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या ते चुकीचे दाखवीत आले होते.

साधने : आयव्हन सदरलँड याने १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमाद्वारे पडद्यावर प्रकाशलेखणीने आरेखन करून दाखविले. रिचर्ड शूप याची ‘सुपरपेंट’ ही संगणकीय रंगभारणीची प्रणाली १९७३ मध्ये कार्यान्वित झाली, तर १९८१ मध्ये ‘पेंटबॉक्स’ हे यंत्र दूरचित्रवाणीसाठी बाजारात आले. हाताच्या दाबानुसार रेषा जाड-बारीक करणारी लेखणी व टॅब्लेट यांमुळे माध्यम खऱ्या अर्थाने चित्रकाराच्या हाती आले. फोटोशॉप (१९९०), प्रोक्रिएट (२०११) आणि विनामूल्य व मुक्त असलेली क्रिटा या प्रणाली विशेष वापरात आहेत. १९९४ पासून फोटोशॉपमध्ये आलेली थरांची सोय फार उपयुक्त ठरली. आरेखन, छायाप्रकाश, रंग व लव वेगवेगळ्या थरांवर ठेवल्यास एकातील दुरुस्तीने दुसरा बिघडत नाही. चित्रपृष्ठाचा आकार आरंभीच ठरवावा लागतो : ३० × ४० सेंमी.च्या छापील चित्रासाठी दर इंचास ३०० पिक्सेल या हिशेबाने सु. ३,५४३ × ४,७२४ पिक्सेल लागतात.

संदर्भछायाचित्र : छायाचित्र हे एका क्षणाची व एका कोनाची नोंद असते, ते प्राण्याचे संपूर्ण रूप नव्हे. फार जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे व कान लहान दिसतात. उभ्या माणसाने वरून टिपलेला कुत्रा डोकेजड व आखूड पायांचा भासतो. फ्लॅशचा प्रकाश समोरून पडल्याने चेहऱ्याचे उंचसखलपण नाहीसे होते आणि डोळ्यांतील दृष्टिपटलामागच्या परावर्तक थरामुळे बाहुली चमकते. काळ्या लवेतील तपशील सावलीत बुडून जातो. म्हणून प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, थोड्या अंतरावरून व खिडकीसारख्या एका बाजूच्या मंद प्रकाशात घेतलेले छायाचित्र उत्तम समजतात. मुख्य छायाचित्र एकच असले, तरी प्रमाण, कानांची ठेवण व लवेचा रंग यांच्या खात्रीसाठी त्याच प्राण्याची आणखी छायाचित्रे जवळ ठेवणे इष्ट असते.

रंगविण्याची रीत : प्रथम कवटी, मुस्कट व मान यांचे स्थूल आकार मांडून डोळे, नाक व कान यांमधील अंतरे तपासतात. छायाचित्रावरून थेट गिरविल्यास वेळ वाचतो. परंतु ज्याला कवटीची घडण ठाऊक नाही, त्याच्या गिरविलेल्या रेषा सपाट राहतात. चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे करून पाहण्याची सोय संगणकावर असते; त्यामुळे सवयीने नजरेआड झालेली चूक लगेच दिसते. त्यानंतर पुष्कळ चित्रकार केवळ करड्या छटांत छायाप्रकाश बसवितात. ही मांडणी लहान आकारात व डोळे किलकिले करूनही ओळखू आली, तरच रंगांकडे वळावे.

रंग परिसरावर अवलंबून असतात. उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या खिलार बैलाच्या पाठीवरील सावलीत आकाशाची निळसर झाक असते, तर पोटाच्या खालच्या बाजूस जमिनीवरून परतलेला तांबूस उजेड असतो. निखळ पांढरा रंग केवळ अत्यंत उजळ भागी येतो. लव रंगविताना एकेक केस मोजीत बसण्यापेक्षा केसांची दिशा व त्यांचे पुंजके पाहणे महत्त्वाचे असते. कुत्र्याच्या मुखावर नाकाच्या दांड्यापासून कपाळाकडे व गालांकडे केसांचा ओघ जातो. तो चुकला, तर खालचे हाडच चुकल्यासारखे वाटते. बारीक केस डोळे व नाक यांभोवती दाखवून मान व खांदे यांकडे फटकारे सैल सोडल्यास नजर चेहऱ्यावर स्थिरावते.

डोळा हा चित्राचा केंद्रबिंदू होय. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. ती नसेल तर डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. प्रकाशबिंदू दोन्ही डोळ्यांत एकाच उगमाशी जुळणारा असावा. ड्यूररच्या सशाच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी, शेळी व घोडा यांची आडवी, तर कुत्रा व वाघ यांची गोल असते.

भावदर्शन : या कलेतील सर्वांत मोठा धोका प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसाचा भाव वाचण्याचा आहे, आणि स्थिर छायाचित्र त्याला खतपाणी घालते. तोंड उघडून धापा टाकणारा कुत्रा हसल्यासारखा दिसतो; प्रत्यक्षात तो बहुधा अंगातील उष्णता कमी करीत असतो. वरचा ओठ उचलून वास घेणारा घोडा हसत नसतो. दात दाखविणारे माकड अनेकदा भ्यालेले असते. कुत्रा किंवा घोडा यांच्या डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसू लागला, तर ते बहुधा तणावाचे लक्षण असते; चित्रकाराने ते कौतुकाचे समजून वाढविल्यास भ्यालेल्या प्राण्याचे गोंडस चित्र तयार होते. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या भावाविष्काराची मांडणी कान, शेपटी, पाठीची कमान व केसांचे उभे राहणे यांच्या आधारे केली. चित्रकारालाही संपूर्ण देह याच रीतीने वाचावा लागतो. भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यात सुविकसित असून लांडग्यात तो अत्यल्प असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरीररचनाविषयक अभ्यासात आढळले. म्हणजेच कुत्र्याची आर्जवी दृष्टी त्याची स्वतःची आहे, पण तीच लांडग्याला दिली तर ते चित्र खोटे ठरेल.

भाव उत्कट करण्यासाठी अतिशयोक्ती वर्ज्य नाही; मात्र ती प्राण्याच्या स्वतःच्या खुणांची असावी. एडविन लँडसीअर (१८०२–७३) याच्या १८३७ मधील एका प्रसिद्ध चित्रात धनगराच्या शवपेटीवर हनुवटी टेकलेला कुत्रा आहे; तेथील शोक मानवी मुद्रेतून नव्हे, तर कुत्र्याच्या देहाच्या भारातून व ओक्याबोक्या खोलीतून जाणवतो. दिवंगत पाळीव प्राण्याचे स्मृतिचित्र करताना या विवेकाची विशेष कसोटी लागते. मालकापाशी कधीकधी एकच अस्पष्ट छायाचित्र उरलेले असते. अशा वेळी हरवलेला तपशील त्या जातीच्या सर्वसाधारण रूपाने भरून काढल्यास चित्र देखणे होते; परंतु फाटका कान किंवा मान एका बाजूला कलती ठेवण्याची सवय त्यात नसल्यास ते दुसऱ्याच प्राण्याचे वाटते. म्हणून प्राण्याला ओळखणाऱ्यांना विचारून घेणे हा संदर्भाचाच भाग होय.

हक्क : भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार छायाचित्र ही कलाकृती असल्याने दुसऱ्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र करण्यापूर्वी परवानगी घेणे उचित ठरते. कुत्र्याची पिल्ले घेऊन बसलेल्या दांपत्याच्या आर्ट रॉजर्स यांच्या छायाचित्रावरून जेफ कून्स यांनी शिल्प करविले. त्या प्रकरणी अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९२ मध्ये छायाचित्रकाराच्या बाजूने निर्णय दिला. स्वतः घेतलेली छायाचित्रे वापरल्यास हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. शिवाय छायाचित्र टिपण्याच्या निमित्ताने प्राण्याच्या सहवासात घालविलेला वेळ हा चित्रकाराचा सर्वांत विश्वसनीय संदर्भ ठरतो.