बांधू न देणारी सदाफुली, सोडू न देणारं टॅक्सॉल
१२ किलो साल, आणि त्यातून हाती आलं जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू या झाडाची ती साल. नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी नॉर्थ कॅरोलिनात हे काम केलं आणि १९७१ मध्ये या द्रव्याची, म्हणजे टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची, रचना प्रसिद्ध केली.

ते नेमकं करतं काय, हे कळायला १९७९ उजाडलं. पेशीत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात. बांधकामावरच्या परांचीसारख्या त्या गरजेपुरत्या उभ्या राहतात आणि काम झालं की सुटतात. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढून नेतात त्या याच. न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉर्विट्झ यांना दिसलं ते उफराटंच: टॅक्सॉल या नळ्या मोडत नव्हतं, उलट मोडूच देत नव्हतं. गुणसूत्रं अडकतात, विभाजन अर्ध्यावर थांबतं, पेशी मरते.

उफराटं अशासाठी, की आधीची औषधं या नळ्या उभ्याच राहू देत नव्हती. ती सदाफुलीतली. मूळची मादागास्करची ही सदाफुली जमैकात मधुमेहावर वापरत. कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी तिचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या घटवणारं द्रव्य, व्हिन्ब्लास्टिन, त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये जगापुढे आणलं. पाठोपाठ आलेलं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. (साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चघळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.) आपल्या कळलावीतलं कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच चिकटतं, पण कर्करोगाला पुरेल इतका डोस माणसाला झेपत नाही.

अडचण अशी की या नळ्या फक्त कर्करोगाच्या गाठीत नसतात. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या लांबलचक चेतातंतूंत सगळी ने-आण त्यांच्यावरूनच चालते. म्हणून टॅक्सॉलच्या काही किमोनंतर बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचा हूक लागत नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून बरेच पेशंट गप्प बसतात. हे पुढच्या किमोआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं; डोस कमी करायचा की थोडं थांबायचं, ते त्यांना तेव्हाच ठरवता येतं.