आलेख गणकयंत्रांतील यंत्रभाषा : झेड-८० आणि सॅटर्न यांचा तौलनिक परिचय

सूक्ष्मप्रक्रियक हा विषय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ८०८५ च्या संचावर शिकविला गेला. अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकात अनेक शालेय विद्यार्थ्यांनी असेंब्ली भाषा कोणत्याही अभ्यासक्रमाविना, दप्तरातील आलेख गणकयंत्रावर (ग्राफिंग कॅल्क्युलेटर) आत्मसात केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स व ह्यूलेट-पॅकार्ड या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांची अंतर्रचना इतकी भिन्न होती की, एक साधी बेरीज दोहोंवर कशी होते एवढे पाहिले तरी पुरेसे आहे.

टीआय-८३ प्लस (१९९९) मध्ये ८ बिटांचा झेड-८० प्रक्रियक आहे. तो ८०८० च्या आज्ञा जाणतो. त्यामुळे ८०८५ शिकविणाऱ्या अध्यापकास तो परका वाटणार नाही, केवळ आज्ञांची नावे बदललेली दिसतील. या यंत्रात दशमान संख्या ९ बाइट व्यापते : चिन्हासाठी १, घातांकासाठी १ आणि १४ अंकांसाठी ७. परंतु 'ए' या रजिस्टरमध्ये एका वेळी दोनच अंक मावतात. साहजिकच दशांश चिन्हे जुळविल्यानंतर सात वेळा बेरीज, आणि प्रत्येक वेळी 'डीएए' या आज्ञेने दशमान दुरुस्ती, असे आवर्तन करावे लागते.

एचपी-४८जीएक्स (१९९३) मधील सॅटर्न प्रक्रियकाचे एकक बाइट नसून चार बिटांचे निबल आहे. स्मृतीतील पत्तेही निबलांनीच मोजले जातात. त्याचे कार्यकारी रजिस्टर ६४ बिटांचे, म्हणजे १६ निबलांचे असते. त्यात चिन्हाचे १, मुख्यांकाचे १२ व घातांकाचे ३ असे अंक नेमके बसतात. आज्ञेतच 'फक्त मुख्यांक' किंवा 'फक्त घातांक' असा विभाग सांगता येतो, आणि दशमान स्थितीत बारा अंकांची बेरीज एकाच आज्ञेत होते. अर्थात आतील मार्ग अरुंद असल्याने चिपला काम निबलागणिकच करावे लागते. आवर्तनाचा भार प्रोग्रामकर्त्यावरून यंत्रावर सरकतो, इतकेच.

सॅटर्न गणनेसाठीच घडविला गेला, तर झेड-८० हा सर्वसाधारण प्रक्रियक गणकयंत्रात बसविला गेला. शिक्षणासाठी प्रस्तुत लेखकास तरीही झेड-८० अधिक सोयीचा वाटतो, कारण तेथे शिकलेले अन्यत्र उपयोगी पडते.

खरा प्रश्न प्रवेशाचा आहे. टीआय-८५ (१९९२) वर असेंब्लीची सोयच नव्हती. हौशी मंडळींनी स्मृतीच्या राखीव प्रतीत फेरफार करून 'झेडशेल' आत घुसविले. पुढे टीआय-८३ प्लसमध्ये कंपनीनेच तशी आज्ञा दिली. २००९ मध्ये एका हौशी अभ्यासकाने त्याच यंत्राच्या कार्यप्रणालीची ५१२ बिटांची स्वाक्षरी-किल्ली अवयव पाडून उघड केली, तेव्हा कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठविल्या. २०२० मध्ये परीक्षेतील सुरक्षिततेच्या कारणास्तव टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या कार्यप्रणालीतून असेंब्लीची सोय काढून घेण्यात आली. कॉपीची भीती निराधार नाही; पण त्या उपायाने परीक्षेबाहेरची यंत्रेही बंद झाली.

एचपीकडील घडामोड निराळी. २००३ च्या ४९जी+ मध्ये सॅटर्न चिपच उरली नव्हती. एआरएम प्रक्रियक सॉफ्टवेअरद्वारे तिचे अनुकरण करीत असे.