वेद ऐकलेला परका

परधर्मीयाने वेदाचा अर्थ सांगावा काय, हा वाद तिगावाकडील मराठी मंडळींतही निघतो. मॅक्समुल्लरने १८४९ ते १८७४ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद छापला. हिंदुस्थान मात्र त्याने पाहिला नाही. डॉ. मार्टिन हौग १८५९ साली पुण्याच्या कॉलेजात आले. त्यांनी एका श्रोत्रियास मोबदला देऊन यज्ञविधी आपल्या आवारात समक्ष करवून घेतले, आणि १८६३ साली ऐतरेय ब्राह्मण भाषांतरासह प्रसिद्ध केले. आम्हां गवयांस हा मार्ग पटतो. नुसत्या स्वरलिपीवरून चीज गळ्यात बसत नाही. हौगांचे सगळेच अर्थ मानावेत असे नव्हे. ते खोडावयास आपणही तितके ऐकलेले हवे. पण त्याच पुण्यात स्त्रीशूद्रांना वेदश्रवण वर्ज्य होते, आणि त्यांना कोणी परके म्हणत नसे.