डबकं किती खोल?

कॅनडाच्या दक्षिण भागापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत उतरत गेलेली गवताळ माळरानं. पाऊस बेताचा, वारा बेसुमार. बेडकानं राहावं अशी ही जागाच नव्हे; पण प्लेन्स स्पेडफूट नावाचा जेमतेम दोन इंची भेक इथलाच. डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली आणि मागच्या तळव्यावर काळी, टणक कड. पाय आलटूनपालटून हलवत तो पार्श्वभागाकडून भुसभुशीत मातीत उतरतो; डोकं तेवढं वर उरतं, मग तेही दिसेनासं होतं. वर्षाचा बहुतेक काळ मुक्काम खालीच.

वर पाऊस झाल्याचं खाली कळतं कसं? याच्या वाळवंटी भाऊबंदांवर प्रयोग झाले. कोरड्या मातीत विजेच्या मोटरची थरथर सोडली, तर पावसाचा थेंब नसताना ते वर आले! म्हणजे उठवतो तो ओलावा नव्हे, हादरा.

एकदा डबकं भरलं की घाई सुरू. पाणी आटायच्या आत अंडी, टॅडपोल आणि पाय फुटलेलं पिल्लू, एवढं सगळं उरकायचं असतं. बहुतेक टॅडपोल शेवाळ आणि गाळ चघळतात. मात्र ज्यांच्या तोंडी फेअरी श्रिम्प हे इवले कवचधारी जीव लागतात, त्यांतले काही पार बदलतात: जबड्याचे स्नायू फुगतात, आतडं आखूड होतं, वाढ झपाट्यानं होते. मग ते शेजारच्या टॅडपोलनाही गिळतात. त्यातही सख्ख्यांना शक्यतो सोडतात. पोटात कावळे ओरडू लागले की हा विवेक ढिला पडतो, ते वेगळं.

खरी कमाल मादीची. ॲरिझोनाच्या आग्नेय भागात हिच्याच कुळातली दुसरी जात त्याच डबक्यांत ओरडत असते. परक्या नराशी जुळलं तर संकरित मुलगे वांझ निपजतात, मुलींचीही प्रजननक्षमता घटते. शहाणीनं टाळावं असाच सौदा. पण संकरित टॅडपोल लवकर वाढतात. कॅरिन फेनिग यांनी 2007 साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की पाणी उथळ असेल तर ही मादी परक्या नराच्या हाकेकडे वळते; अंगानं खंगलेली असेल तर अधिकच, कारण तिची पिल्लं मुळात सावकाश वाढणारी. डबकं खोल असलं, की तिला आपल्याच जातीचा नर हवा असतो.