दाबाखालचा एक तास

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी वसलेले डंडी हे शहर एके काळी बंगालच्या तागावर जगत असे. पुढे तागाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि त्याच सुमारास उत्तर समुद्राच्या तळाशी तेल सापडले. तेव्हा त्या तेलासाठी काळ्या, थंडगार पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्या कामगारांच्या प्रकृतीचा प्रश्न तेथील वैद्यांपुढे येऊन ठाकला. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या माणसाच्या शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि ते मेरुरज्जूत शिरले तर धडधाकट गडी घटकाभरात पांगळा होतो. त्याला पोलादी दाबकक्षात घालून पुन्हा दाबाखाली न्यायचे, प्राणवायू द्यायचा आणि सावकाश वर आणायचे, हा त्यावरचा मान्य उपाय. या विद्येत मुरलेले डॉ. फिलिप जेम्स डंडीच्या विद्यापीठात होते. पाणबुड्याच्या मेरुरज्जूला होणारी इजा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत आढळणारे व्रण यांत त्यांना विलक्षण साम्य दिसले, आणि रक्तातून वाहणारे सूक्ष्म मेदकण हेच या व्याधीचे मूळ असावे असा तर्क त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तो तर्क वैद्यकाने स्वीकारला नाही. परंतु त्याच वर्षी, रुग्णांनी स्वतःसाठी चालविलेले पहिले दाबकक्ष-केंद्र डंडीत उघडले, आणि तेथून वाढलेले अशा केंद्रांचे घराणे हाच या लेखाचा विषय आहे.

ज्या व्याधीसाठी हा खटाटोप, तिचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. पॅरिसचे वैद्य शार्को यांनी 1868 साली तिचे पहिले सुसंगत वर्णन केले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच मेंदू, मेरुरज्जू व दृष्टिनाडी यांतील तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन कुरतडू लागते. मग कोणाला एका डोळ्याने अंधुक दिसते, कोणाचा पाय ओढला जातो, कोणाला लघवीचा वेग आवरत नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाला असा थकवा ग्रासतो की जो झोपेने जात नाही व दुसऱ्याला दिसत नाही. बहुतेकांच्या बाबतीत आरंभी ही व्याधी झटक्याझटक्यांनी येते आणि अंशतः ओसरते. ती बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे संसार व नोकरी नुकती कोठे मार्गी लागत असताना गाठते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. विषुववृत्तापासून दूरच्या मुलखांत तिचे प्रमाण वाढते; स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर दर लाखामागे सुमारे 400 रुग्ण आढळले, हे जगातील सर्वांत मोठ्या नोंदींपैकी एक. आणि 1982 साली वैद्याच्या हाती काय होते? झटका आला तर स्टेरॉइड, आणि एरवी धीराचे दोन शब्द. व्याधीची गती मंदावणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झाले ते 1993 साली. या रिकाम्या अवधीत माणसे हात जोडून बसून राहिली नाहीत, यात नवल ते काय?

रुग्णांची व त्यांच्या आप्तांची ‘आर्म्स’ नावाची एक संस्था ब्रिटनमध्ये याआधीच निघालेली होती. संशोधन कोणत्या दिशेने व्हावे हे ठरविण्यात रुग्णालाही बोलण्याचा अधिकार आहे, असा तिचा आग्रह असे, आणि आहारातील स्निग्धांशांपासून व्यायामापर्यंत अनेक प्रयोग ती पदरमोड करून करीत असे. फ्लोरिडातील डॉ. रिचर्ड न्यूबॉवर यांनी दाबाखालच्या प्राणवायूने रुग्णांना बरे वाटल्याची वार्ता दिली होतीच. डंडीचे केंद्र निघाले, आणि मग गावोगावच्या मंडळींनी पत्त्यांचे डाव, जुन्या वस्तूंचे बाजार, धर्मादाय पदयात्रा असे नाना उद्योग करून पैसा उभा केला व आपापले दाबकक्ष आणवले.

हा कक्ष म्हणजे आडवी ठेवलेली पोलादी नळकांडी. तिला जाड काचेच्या गोल खिडक्या, आत दोन्ही बाजूंना समोरासमोर आसने, आणि व्हीलचेअर आत जावी एवढा दरवाजा. पाचसहा माणसे आत बसली की दार लागते, आणि बाहेरच्या कळफलकापाशी बसलेला चालक दाबलेली हवा आत सोडू लागतो. हा चालक पुष्कळदा गावातलाच एखादा सेवानिवृत्त गृहस्थ असतो, रीतसर शिकवून तयार केलेला आणि बिनपगारी. कानांत दडे बसतात, म्हणून कोणी आवंढा गिळतो, कोणी नाक चिमटीत धरून फुंकतो, कोणी गोळी चघळतो. हवा दाबली गेल्याने आत चांगलेच उकडते, आणि उष्म्याने तर या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे जर्मन नेत्रवैद्य ऊटहोफ यांनी 1890 सालीच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा ती पहिली दहा मिनिटे तशी सुखाची नसतात. ठरलेला दाब गाठला की मुखवटे चढतात आणि तासभर शुद्ध प्राणवायूचे श्वसन चालते. दाब मोजायचा तो पाणबुड्यांच्या हिशेबाने, समुद्राच्या फुटांत: सोळा, चोवीस किंवा तेहतीस. तेहतीस फूट म्हणजे वातावरणाच्या दुप्पट दाब. रक्तातील हिमोग्लोबिन एरवीही प्राणवायूने जवळपास भरलेलेच असते, त्यात आणखी भर घालता येत नाही; परंतु रक्तद्रवात विरघळणारा प्राणवायू, जो साध्या हवेत दर शंभर मिलिलिटरमागे 0.3 मिलिलिटर असतो, तो या दाबाखाली चारच्या वर जातो. काड्यापेटी, लायटर, मोबाइल यांना आत सक्त मनाई. पुस्तक चालते, कोडे चालते, आणि मुखवट्यातून जमेल तेवढ्या गप्पा. दाब उतरताना हवा थंड होते, कधी कधी आत हलके धुकेही दाटते. आरंभी महिनाभरात अशी वीस सत्रे, आणि मग आठवड्याला एक, असा सर्वसाधारण परिपाठ.

आता मूळ प्रश्न: याने गुण येतो का? 1983 साली न्यूयॉर्कच्या फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तीत प्राणवायू मिळालेल्या सतरांपैकी बारा जणांत सुधारणा दिसली आणि नुसता उपचाराचा देखावा केलेल्या विसांपैकी एकात. या आकड्यांनी केंद्रांच्या मंडळींना केवढा हुरूप आला असेल, हे सांगायला नको. परंतु शास्त्रात एका साक्षीवर निकाल लागत नाही. न्यूकॅसल येथे 120 रुग्णांवर, कोणाला काय मिळाले हे रुग्णासही व तपासणाऱ्यासही न कळू देता, चाचणी झाली, लंडनमध्ये झाली, आणि एखाद्या रुग्णास मूत्राशयाच्या तक्रारीत वाटलेला उतार वगळता ठोस असे हाती काही लागले नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2004 सालच्या कॉक्रेन समीक्षेने नऊ चाचण्यांतील 504 रुग्णांचा जमाखर्च मांडला आणि हा उपचार नेहमीच्या वापरास योग्य ठरविण्याइतका पुरावा नाही, असा निवाडा दिला. केंद्रांचे समर्थक म्हणतात की, चाचण्या वीस सत्रांवर थांबल्या, वर्षानुवर्षांच्या सातत्याची परीक्षा कोणी घेतलीच नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. पण परीक्षा झाली नाही म्हणून कोणी उत्तीर्ण ठरत नाही, आणि मला तरी तो निवाडाच ग्राह्य वाटतो.

एवढा प्रतिकूल निकाल लागल्यावर ही केंद्रे ओस पडायला हवी होती. ‘आर्म्स’ संस्था खरोखरच पुढे बंद पडली. केंद्रे मात्र टिकली, त्यांनी आपला महासंघ केला, आणि आज ब्रिटनभर व आयर्लंडमध्ये मिळून ती पन्नासेक तरी आहेत. कक्षात बसण्यासाठी माणूस दर आठवड्याला घराबाहेर पडतो. कक्ष भरेपर्यंत बाहेर चहा होतो. शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट असते, ती पायाचा ताठरपणा पाहते, तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेते. कोणी समुपदेशक येतो, कोणी सरकारी भत्त्याचा किचकट अर्ज भरून देतो. आणि त्या नळकांडीत, जेथून तासभर कोणालाच उठून जाता येत नाही, समोरासमोर बसलेली माणसे हळूहळू अशा गोष्टी बोलू लागतात ज्या ती वैद्यापुढे संकोचाने आणि घरी मायेपोटी बोलत नाहीत: कॅथेटर, नवऱ्याची चिडचिड, साहेबाला सांगावे की नाही, गाडी चालविण्याचा परवाना जाईल का. नव्याने निदान झालेली पंचविशीची मुलगी तेथे वीस वर्षे ही व्याधी वागवीत असलेल्या बाईला पाहते, आणि तिला जे कळते ते कोणत्याही पत्रकात छापता येत नाही. मुख्य म्हणजे येथे रुग्ण हा यजमान असतो. केंद्राचे विश्वस्त, खजिनदार, कधी कधी कक्षाचा चालकदेखील, याच व्याधीचे किंवा अशा रुग्णाच्या घरचे. सत्राला विवक्षित शुल्क नसून ऐपतीप्रमाणे देणगी ठेवायची, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज आहे.

धोका दिसतो तो निराळ्या जागी. आज व्याधीला आवर घालणारी औषधे डझनाहून अधिक आहेत. हळूहळू वाढतच जाणाऱ्या प्रकारासाठीही 2017 साली अमेरिकेत ऑक्रेलिझुमॅबला मंजुरी मिळाली. आणि ही औषधे जितकी लवकर सुरू व्हावीत तितके नुकसान टळते. अशा वेळी प्राणवायूच्या भरवशावर कोणी न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढे ढकलली, तर त्या एका तासाची किंमत फार जबर ठरेल. ब्रिटनच्या सरकारी दफ्तराने एकदा या कक्षांना खासगी रुग्णालयांच्या पंक्तीत बसवून नोंदणीची सक्ती केली होती आणि रुग्णांच्या तक्रारीनंतर ती मागे घेतली. परंतु कक्षाला मुभा मिळाली म्हणजे उपचाराला दाखला मिळाला, असा अर्थ कोणी काढू नये. अलीकडे नाव बदलून इनव्हरनेसचे केंद्र ‘ऑक्सिजन वर्क्स’ झाले, ब्रिस्टलचे ‘ब्राइटवेल’. तेथे पार्किन्सन, पक्षाघात अशा व्याधींचे लोकही येऊ लागले आहेत, आणि जुन्या सभासदांनी सरकून जागा करून दिली आहे.

आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 साली मुंबईत स्थापन झाली, तिची शाखा पुण्यातही आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत या व्याधीचे नाव आहे. मात्र सकाळी चालत गेलेला आणि दुपारी पाऊल न उचलणारा माणूस दिव्यांग प्रमाणपत्राच्या टक्केवारीत नेमका कोठे बसवायचा, हा पेच तपासणाऱ्या मंडळापुढे उरतोच. डंडीची नक्कल एखाद्या जिल्ह्याच्या गावी करायची कोणाच्या मनात आले, तर माझे सांगणे असे की, पोलादी कक्षावर पैसा घालू नये. तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्याव्यात, पायऱ्यांऐवजी उतार करावा, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येईल अशी तजवीज करावी, वैशाखात खोली थंड राहील एवढा बंदोबस्त करावा, आणि सर्वांत आधी, व्हीलचेअर आत वळेल इतके रुंद, आतून कठडे असलेले स्वच्छतागृह दारापासून दहा पावलांच्या आत बांधावे. ते नसेल तर पहिल्या आठवड्यानंतर कोणी येणार नाही.