हप्ता आधी, गाडी नंतर

दादींचे गुडघे दुखू लागले आणि आमच्या घरात गाडीचा विषय निघाला. एसटीची पायरी त्यांना चढवेना, दवाखान्याला जायचे तर दर वेळी रिक्षा. शोरूममध्ये गेलो. आठ लाखांची गाडी, एक लाख रोख, बाकी कर्ज. विक्रेत्याने सात वर्षांचा हप्ता सांगितला, महिना सुमारे 11,600 रुपये. ऐकायला सोपे वाटले.

घरी येऊन वही उघडली. सात लाखांवर दहा टक्के दराने 84 हप्ते म्हणजे एकूण 9 लाख 76 हजार. त्यातले 2 लाख 76 हजार नुसते व्याज! मुदत पाच वर्षांची केली तर व्याज 1 लाख 92 हजारांवर येते, पण हप्ता 14,900 च्या घरात जातो. आणि गाडी? विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी तिची किंमत निम्मी धरतात. किंमत उतरत जाते, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

आणखी एक फसगत टाळावी. काही ठिकाणी 'फक्त सात टक्के' असा सपाट दर सांगतात. पाच लाखांवर पाच वर्षांचे सरळ पावणेदोन लाख व्याज लावतात. मुद्दल दरमहा कमी होत असते, व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवरच आकारले जाते. खरा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो.

व्याज हराम आहे हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. तरी 'आजकाल कोण घेत नाही?' असे म्हणून आपणच आपली समजूत घालतो. आमचीही तीच वेळ आली होती. दादी एवढेच म्हणाल्या, ''हप्ता लहान दिसतो बेटा, पण महिना लवकर येतो. आधी हप्ता भरून बघा, मग गाडी आणा.''

म्हणून दर एक तारखेला 11,600 रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे ठरवले. तीन महिने जमले. चौथ्या महिन्यात मुलांची फी आणि ईद एकत्र आली. त्या महिन्यात काहीच टाकता आले नाही, उलट साठलेले 34,800 रुपयेही संपले. खूप वाईट वाटले. पण तेव्हाच कळले, खरे कर्ज असते तर तो हप्ता चुकला असता, दंड लागला असता आणि निरोप देणारे फोन दादींनी उचलले असते. शिवाय महिन्याला सहाशे किलोमीटर धावले तरी चार हजारांचे पेट्रोल, वर विमा आणि दुरुस्ती. हे तर आम्ही धरलेच नव्हते.

मग आकडा आठ हजारांवर आणला. अडीच वर्षांत 2 लाख 40 हजार साठले. रक्कम निसाबच्या वर जाऊन चांद्र वर्ष पूर्ण झाले, तेव्हा अडीच टक्के जकात काढली. गाडीसाठी ठेवलेल्या पैशालाही जकातीतून सूट नसते. खात्यात आलेले व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूंना दिले. शेजारच्या भिशीचाही विचार केला होता, पण ती लिलावाची निघाली. गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि बाकीचे ती वाटून घेतात. ज्या भिशीत प्रत्येकाला पूर्ण रक्कम मिळते ती वेगळी, ही वेगळी.

उरलेले साठ हजार मामूंनी कर्जे-हसना म्हणून दिले. परतफेडीच्या तारखा कागदावर लिहिल्या, दोघांच्या साक्षी घेतल्या. मामू म्हणाले, ''अरे, घरच्यांत कागद कशाला?'' कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराहची 282 वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आम्ही त्यांना दाखवले. त्यांनी हसून सही केली.

तीन लाखांत पाच वर्षे वापरलेली गाडी घेतली. घेताना ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेले. आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा होता. तो बँकेच्या ना-हरकत पत्रासह उतरवून घेतल्यावरच पैसे दिले. आरटीओत नाव बदलले आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांच्या आत दिला.

गाडी नवी नाही. दारावर एक ओरखडा आहे, कोणी विचारले की मुले थोडी लाजतात. पण दादी पुढच्या सीटवर बसून स्वतः दवाखान्यात जातात, आणि एक तारखेला आमच्या घरात कुणाची झोप उडत नाही.

आपल्या घरीही गाडीचा विषय निघाला असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी सहा महिने हप्ता बाजूला ठेवून बघा. जमला तर बचत झाली, नाही जमला तर कर्जातून वाचलात. दोन्हीत बरकतच आहे, इन्शाअल्लाह.