आजारातून उठणाऱ्या कुत्र्याची वस्तीवर काळजी

रस्त्यावरून आणून सांभाळलेलं कुत्रं दवाखान्यातून परत आलं, की त्याची जागा बदलू नका. ओळखीचा वास, घरच्यांचा आवाज आणि नेहमीचं गोणपाट मिळालं, की ते निवांत झोपतं, खाऊ लागतं. सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांवर जातो. म्हणून कडुलिंबाखाली सावलीत ठेवा, पाणी जवळ असू द्या. मऊ भात, उकडलेलं अंडं दिवसातून 4-5 वेळा थोडं थोडं द्या. कांदा-लसूण व माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या मुळीच नकोत. पुन्हा उलटी, रक्ताची हगवण झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. लाळ गळते, गिळता येत नाही, तर तोंडात हात घालू नका; पिसाळल्याची शंका धरा. चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या.